डुक्कर फियाटची खांदमळणी

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात. जुन्या गाड्या सांभाळणारे आम्ही आठ जण आहोत. दोन विलीज जीपा, एक लँडमास्टर, दोन अँबेसेडर, बाकी राजदूत आणि लँब्रेटा. या नादाला आम्हाला लावलं काकाजींनी. त्यांची 1955 ची डुक्कर फियाट, म्हणजे फियाट 1100 मोटार, तुम्ही पाहिली आहे, त्यांनाही ओळखत होता. गेल्या दिवाळीनंतर काकाजी गेले. गाडी तेव्हापासून गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. त्यांच्या आठवणीसाठी काय करावं यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. काही म्हणतात, बसस्टँडसमोर चबुतरा बांधून त्यावर गाडी ठेवू. काही म्हणतात, नागपूरला नेऊन रंग, सीट, सगळं नवंकोरं करून घेऊ. त्यांची मुलगी पुण्याला असते, तिनं आमच्यावर सोपवलंय. नात 19 वर्षांची आहे, ती म्हणते मला ही गाडी चालवायला शिकवा. कागद अजून काकाजींच्याच नावावर आहेत. पोळ्याच्या आत काही ठरवायचं आहे.
— एक वाचक, कृषी केंद्र चालक

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र हाती आलं तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच राहिलं. काकाजी गेल्याचं मला कोणी कळवलंच नव्हतं.

चबुतऱ्याचं आधी बोलतो, कारण राग त्याचाच आला. उघड्यावर चबुतऱ्यावर ठेवलेली गाडी आपल्याकडचे दोन पावसाळे काढते, तिसऱ्याला तिच्या तळाच्या पत्र्यातून बोट आरपार जातं. उन्हाळ्यात काचेभोवतीचं रबर तडकतं, त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि मॅटखाली साचून राहतं. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. मग पोरं आरसे नेतात, बकऱ्या बॉनेटवर चढतात आणि निवडणुकीत कोणीतरी तिच्यावर पोस्टर चिकटवतं. एसटीच्या डेपोत 31 वर्षं काढली मी. भंगारात निघालेल्या गाड्या कशा मरतात ते पाहिलंय. हा बेत सोडा.

आता नव्याकोऱ्याचं. त्यासाठी मला काकाजींबद्दल थोडं सांगावं लागेल.

1989 चा मे महिना. मी डेपोत नवा होतो, सायकलनं चाललो होतो. शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वेच्या, फाटकापाशी ही फियाट उभी. तेव्हा शकुंतलेला वाफेचंच इंजिन होतं. शकुंतला निघून गेली, फाटक उघडलं, पण फियाट काही हलेना. सेल्फ मारला की घर्र-घर्र, पुढं काही नाही. मी मेकॅनिक असल्याची ऐट, लगेच म्हणालो, कार्बुरेटर खोलू या. काकाजींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला, सुरईतलं पाणी त्यावर ओतलं आणि पेट्रोल पंपाला, म्हणजे इंजिनाला चिकटून असतो त्या छोट्या पंपाला, गुंडाळला. मग बाभळीखाली बसून तंबाखू मळायला घेतली. मी म्हणालो, "काकाजी, करायचं काय?" तर म्हणाले, "काहून घाई करतं बाप्पा? तिले बी दम लागते नं."

दहा-पंधरा मिनिटांनी पहिल्या सेल्फला गाडी चालू. उन्हानं आणि इंजिनाच्या तापानं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही, याला व्हेपर लॉक म्हणतात हे मी कोर्समध्ये शिकलो होतो. पाठही होतं. फाटकापाशी मात्र ते मला आठवलं नाही.

माणूस सोपा नव्हता बरं का. चिक्कू होता. एका प्लगमध्ये तीन वर्षं काढायचा. हत्यार नेलं की परत करायची सवय नाही. आणि गाडीच्या गोष्टी सांगताना प्रत्येक वेळी दोन मैल वाढवायचा. पण एक विनोद त्यांचा खरा होता. आरसीबुकावर मध्यप्रदेशचा शिक्का, कारण 1955 साली आपला विदर्भ मध्यप्रदेशात होता. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आला, 1960 च्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. काकाजी म्हणायचे, "माही गाडी गोठ्यात उभ्या उभ्या तीन राज्यं फिरून आली."

तर रंग आणि सीट. भाऊ, त्या गाडीच्या मागच्या सीटवर तुम्ही बसलाच असाल. उंच माणसाचं डोकं टपाला लागतं की नाही? का लागतं माहीत आहे? मूळचा काथ्या झिजला तेव्हा काकाजींनी पिंजाऱ्याकडून घरचा कापूस पिंजून घेतला आणि सीटमध्ये ठासला. भाव पडला होता त्या वर्षी. म्हणाले, व्यापाऱ्याच्या घशात घालण्यापेक्षा बुडाखाली घातलेला बरा. नागपूरचा कारागीर पहिल्यांदा तो कापूस काढून फेकेल आणि फोम भरेल. त्याचं चुकणार नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसेल.

बॉनेट उघडून आतल्या बाजूला पाहा. पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहिलंय : "पॉइंट – पोस्टकार्डाइतका". प्लगांना ठिणगी वाटतो त्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट ते पोस्टकार्ड घालून लावायचे. मी एकदा हट्टानं फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्या, आणून मोजलं. चूक काढायला गेलो होतो, निघाली नाही. रंगाच्या दुकानात ती ओळ पंधरा मिनिटांत घासून जाईल.

म्हणून माझं मत असं की जिथं पत्रा सडलाय तिथं शिवा, गंज थांबवा, तळाला काळा रंग द्या, बाकी हात लावू नका.

याला कागदाचाही आधार आहे. 50 वर्षांहून जुन्या खाजगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा नियम 2021 साली आला. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी त्याची अट आहे. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढं पुन्हा करायची तर 5,000. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. काकाजी त्या गाडीनं मंगळवारच्या बाजारात वांगी आणायचे. तुम्हालाही आणायची असतील तर साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करत राहा. पण त्याआधी नाव बदला. मालक वारला की 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुमची मुदत टळली, दंड भरा आणि मोकळे व्हा. मुलीला एकदा यावं लागेल. आरसीबुक हरवू देऊ नका, झेरॉक्स काढून ठेवा.

गाडी चालू करायची घाई मात्र कोणी करायची नाही. तुमच्यातला एखादा बॅटरी घेऊन पोहोचलाही असेल, त्याला आवरा. इतके महिने उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, थोडं डिझेल मिसळलं तरी चालेल, आणि दोन दिवस विसरून जा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हातानं हळूच मागं-पुढं करा. इंजिन फिरलं की निम्मी काळजी मिटली. नाही फिरलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल आणि पुन्हा दोन दिवस. टाकीतलं पेट्रोल सगळं काढून टाका. आजकालच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला खातं. त्या गाडीची नळी आणि पंपाचा पडदा हे पेट्रोल यायच्या कितीतरी आधीचे आहेत. दोन्ही बदला, हा खर्च टाळू नका. पेट्रोल गळून तापल्या इंजिनावर पडलं तर चबुतरा बांधायलाही काही उरणार नाही. सायलेन्सरमध्ये आणि एअर फिल्टरच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असणार, गोठ्यात असतंच. वायरी उंदरांनी कुरतडल्यात का ते बॅटरी जोडायच्या आधी पाहा. आणि ब्रेक. चारही ड्रम खोला, व्हील सिलिंडर सोडवा, ब्रेक ऑइल पूर्ण बदला. इंजिन नंतर, ब्रेक आधी.

नातीला शिकवा. यावर तुम्ही विचारता कशाला? हँडलचे गिअर आहेत, चार आहेत, आठवड्यात हात बसेल. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, तो चालत्यात पडत नाही, दात करकरतात. आणि पुढचे दरवाजे उलटे उघडतात हे तिला आधी सांगा. बिजागरी मागच्या बाजूला आहे. धोतरवाल्याला उतरायला फार छान, पण चालत्या गाडीत कडी सुटली तर वारा दरवाजा पंख्यासारखा उघडतो. काकाजींनी चालकाच्या दाराला आतून गुराचं दावं बांधलं होतं. ते अजून असेल, सोडू नका.

आता पोळा. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तुम्ही गाड्या सजवून आणता, लाकडी नंदीबैल घेऊन पोरं येतात, ते सगळं होऊ द्या. पण आठवण त्या दिवशी काढू नका. आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी काढा. खांदमळणीला.

तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय कोण जाणे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी बैलांचे खांदे पळसाच्या पानानं तूप-हळद लावून शेकतात. काकाजींनी शेवटची जोडी विकली त्या वर्षीही ते ठरल्या वेळी गोठ्यात गेले. गाडीखाली सतरंजी टाकली, ग्रीसगन घेतली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस भरत बसले. जुनं काळं ग्रीस सांध्यातून बाहेर पडून नवं पिवळं दिसेपर्यंत. मी टॉर्च धरून उभा होतो. भरून झाल्यावर चाकावर थाप मारली आणि बैलाला म्हणतात तेच म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." थट्टा नव्हती ती. मी हसलो तर माझ्याकडं पाहिलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी. तर या वर्षी ग्रीसगन नातीच्या हातात द्या. डाव्या चाकाचा खालचा निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, नेहमी बुजलेला असतो, तिथं ग्रीस शिरत नाही, बाजूनं बाहेर येतं. आधी रॉकेलच्या चिंधीनं पुसायचं, दाभणानं टोचून मोकळा करायचा, मग गन लावायची. दाभण ग्लोव्ह बॉक्समध्ये सुपारीच्या डबीत आहे.

आणि डिकीत स्टेपनीखाली चौदाचा एक रिंग पाना सापडेल. दांड्यावर कानशीनं घासून काढलेला अर्धा चंद्र आहे, ती माझी खूण. 1998 साली दोन दिवसांसाठी नेला होता. पोस्टानं पाठवू नका, खांदमळणीला मी स्वतः येतो न्यायला.