गॅलिपोलीच्या उतारावरचा इंजिनिअर

प्रश्न : मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा केला. आमच्या पणजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धात साता समुद्रापार गेले, ते परतलेच नाहीत. मुलगा म्हणतो, फौजेत इंजिनिअर होतो आणि अशा सैनिकांच्या स्मारकांचं काम करतो. असं काम खरंच असतं का?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : असतं भाऊ, आणि तुमच्या मुलाने हे मनात आणलं याचा मला फार आनंद झाला. मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत, नोकरी केली, आता आर्वीकडे शेती बघतो. या कामात मी ज्यांना गुरू मानतो, त्यांच्याबद्दल सांगतो.

सिरिल ह्यूज हे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे सर्व्हेअर. 1915 मध्ये तुर्कस्तानच्या गॅलिपोलीत लढले आणि महायुद्ध संपल्यावर, 1918 च्या अखेरीस, कबरी नोंदवायला तिथेच परत गेले. पुढे युद्धकबर आयोगाचं (आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) तिथलं बांधकाम त्यांच्याकडे आलं. तिथे आज 31 स्मशानभूमी आहेत, सुमारे 22,000 कबरी. त्यातल्या जेमतेम 9,000 जणांचीच ओळख पटली. ज्यांची नावं कळली, ती तरी दगडावर टिकावीत, म्हणून पाया जपायचा.

आणि जमीन कशी? उभा उतार, भुसभुशीत माती, पाऊस आला की ओघळच ओघळ. फ्रान्समधल्या युद्धस्मशानभूमींत असतात तसे कबरीवरचे उभे दगड तिथे टिकले नसते. म्हणून बुटक्या, तिरक्या माथ्याच्या ठोकळ्यांवर नावं बसवली आणि वरून येणारं पाणी बाहेरच्या बाहेर काढायला स्मशानभूमीभोवती खोल चर घेतले. आपल्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको : मुरूम लागेपर्यंत खोदलं नाही आणि पाण्याला वाट दिली नाही, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंतीला भेग जाते. मुलाला आधी नाली काढायला शिकवा, कोरीव काम नंतर.

गॅलिपोलीत आपलेही होते. 29 वी भारतीय ब्रिगेड होती, आणि डोंगरावर पाणी-दारूगोळा चढवणारे खेचरवाले. गॅलिपोलीच्या टोकावरच्या हेलेस स्मारकावर 21,000 च्या वर नावं आहेत, त्यात भारतीयही आहेत. पण सगळीकडे असा न्याय झाला नाही. इराकात बसऱ्याच्या स्मारकावर हजारो भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, अधिकाऱ्यांचीच कोरली. आयोगाने 2021 च्या अहवालात असा भेदभाव कबूल केला. मला हे आजही सलतं. तुमच्या मुलासारख्यांना आयोगात काम आहे, ते यासाठी.

आता वाट. आयोग हा फौजेचा भाग नाही. त्याचे कर्मचारी वेगळे. भारत मात्र त्याचा सदस्य देश आहे, आणि खडकी, दिल्ली, इम्फाळ, कोहिमा इथे त्याच्या स्मशानभूमी आहेत. डिप्लोमावाल्याने स्टाफ सिलेक्शनची ज्युनिअर इंजिनिअर परीक्षा द्यावी. तिच्यातून एमईएस (फौजेची बांधकामं बघणारं खातं) आणि सीमा रस्ते संघटनेत जागा निघतात. पाच-सात वर्षं दगड, काँक्रीट, पाणी हाताळू द्या, मग आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पणजोबांच्या भावाचं नाव आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा. बरेचदा वडिलांचं नाव आणि गावही नोंदलेलं असतं. तुमच्या पत्रात पलटणीचं नाव नाही. घरात जुनं पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढं वाचून मला कळवा, पुढचा अर्ज मी लिहून देतो.