क्लॅडिंगला 'आवरण' म्हटलं तर चालेल का?

बिल्डिंगला बाहेरून पॅनेल लावतात त्या क्लॅडिंगला मराठीत काय म्हणायचं, 'आवरण' चालेल का, असा प्रश्न आहे. चालेल की, पण आवरण पुस्तकालाही असतं आणि पृथ्वीभोवती हवेचंही असतं, ते बसवलंय कसं हे त्यातून काहीच कळत नाही.

माझं मत 'मढवणे'ला. इंग्रजीतला क्लॅड म्हणजे मुळात कपडे घातलेला, आणि आपण मृदंग कातड्याने मढवतो, चौकट चांदीच्या पत्र्याने मढवतो, म्हणजे आत एक वस्तू आणि वर वेगळी तयार केलेली दुसरी, घट्ट बसवलेली. विमानाचा पत्रा बघा, आतल्या मिश्रधातूत तांबं असतं त्यामुळे ताकद येते पण तो लवकर गंजतो, म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवून गरम रोलखाली दाबून एकजीव करतात. याला मढवलेला पत्राच म्हणायचं.

बाकीचे शब्द का नकोत ते बघा. लेप आणि गिलावा ओले लागतात, मग सुकतात. मुलामा फारच पातळ, शिवाय त्याला दिखाऊपणाचा वास येतो (वरवरचा मुलामा म्हणतोच ना आपण). कल्हई कथलाची, जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याला कल्हई म्हणू नका प्लीज. आणि अस्तर तर आतून! कोटाचं आत, भट्टीचं आत, रंगारी प्रायमरला अस्तर म्हणतात तेही रंगाच्या खालीच जातं, त्यामुळे क्लॅडिंगला अस्तर लिहिलेलं दिसलं की मला जाम खटकतं.

आता बिल्डिंगचं जरा अडतं, कारण तिथे पॅनेल बऱ्याचदा भिंतीला चिकटलेलं नसतं, मध्ये मुद्दाम पोकळी सोडतात, आत शिरलेलं पाणी निथळून जावं म्हणून. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये आग लागून 72 माणसं गेली तिथे पॅनेलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन हे पेट घेणारं प्लॅस्टिक भरलेलं होतं, आणि पोकळीतूनही आग वर चढली. नुसतं 'आवरण' लिहिलं तर यातलं काय पोचणार? मी 'बाहेरची मढवणी' लिहीन, मढवणी हे नाम मीच पाडलंय, आवडलं तर घ्या.

ऑप्टिकल फायबरला मात्र हे लावू नका. तिथलं क्लॅडिंगही काचेचंच, 125 मायक्रॉन व्यासाचं, आतल्या गाभ्यापेक्षा अपवर्तनांक (काचेत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) थोडा कमी म्हणून प्रकाश आतच राहतो, आणि जपायचं काम त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कोटिंग करतं. तिथे सरळ क्लॅडिंगच लिहा.