आधी स्क्रू-ड्रायव्हर, मग सोल्डरचा डाग

प्रश्न : काका, माझ्याकडे लेस पॉल धाटणीची इलेक्ट्रिक गिटार आहे, दोन हमबकर (तारेचं कंपन पकडणारे दोन-दोन कॉइलचे पिकअप). चार वर्षं रॉक वाजवलं, आता कंट्री संगीताचा नाद लागलाय. पण ब्रिज पिकअपवर (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथल्या) कितीही ट्रेबल वाढवला तरी टेलिकास्टर गिटारसारखा ट्वँग येत नाही. आवाज एकतर जाड, नाहीतर कानात टोचणारा. मित्र म्हणतात, ही विक आणि टेली घे. त्यापेक्षा कॉइल स्प्लिट करून, म्हणजे दोनपैकी एक बंद करून घेऊ का?
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर : विकू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

आधी मला सांग, तारा शेवटच्या कधी बदलल्यास? मी गिरगावात, गल्लीच्या आत राहतो, तरी पावसाळ्यात माझ्या तारा तीन आठवड्यांत मान टाकतात. तू तर खाऱ्या वाऱ्यात बसलायस. बोट फिरवल्यावर तार खरखरीत लागली की समजायचं, वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच उपस्वर) गेले. ट्वँग म्हणजे त्यांचाच खेळ. आपल्याकडे धनुष्याच्या दोरीला टणत्कार म्हणतात ना, तो. मेलेल्या तारेत तो नसतोच, मग अ‍ॅम्पवर ट्रेबल वाढवलास की नुसती धार वाढते. तुझ्या कानात टोचतंय ते बहुधा हेच. १० नंबरचा नवा संच लाव, वाजवून झालं की सुती फडक्याने पूस, आणि मग पुढचं वाच.

आता हमबकर. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज केला तो विजेची गुणगुण मारण्यासाठी. दोन कॉइल, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाची बाजूही उलटी. गुणगुण आपापसात कटते, तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. पण या दोघी तार दोन वेगवेगळ्या जागी ऐकतात, त्यामुळे काही वरचे हार्मोनिक्सही कटतात. शिवाय दोघी सिरीजमध्ये (एकीमागे एक जोडलेल्या) असतात, त्यामुळे इंडक्टन्स (कॉइलचा विजेच्या झटपट बदलांना होणारा विरोध) वाढतो आणि आवाजातली चकाकी खाली सरकते. टेलिकास्टरला ब्रिजपाशी एकच कॉइल, तीही तिरकी, खाली धातूची पट्टी. तारेची लांबीही साडेपंचवीस इंच. तुझ्या गिटारची पावणेपंचवीस असणार. हा पाऊण इंचाचा ताण कुठल्याही वायरिंगने भरून निघत नाही. हुबेहूब टेली होणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

पण कंट्री म्हणजे टेलीच, हे तुला सांगितलं कोणी? कंट्रीचा नामांकित गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स ग्रेच गिटारवर फिल्टरट्रॉन पिकअप वाजवायचा, आणि फिल्टरट्रॉन हा हमबकरच. मोठा फरक हा की त्याचं आउटपुट कमी. खरी गोम तिथे आहे. तुझा पिकअप ओरडतोय, त्याला बोलायला लावायचंय.

त्यासाठी साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. शेवटच्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर मोज. दीड-दोन मिलिमीटर असेल. पिकअपभोवतीच्या रिंगवरचे दोन स्क्रू फिरवून ते तीन-साडेतीनवर आण. मग ब्रिजच्या बाजूच्या कॉइलवर जे सहा छोटे स्क्रू दिसतात, ते एकेक करून एक-दीड वेढा वर काढ. पिकअप खाली गेला, पण ब्रिजकडची कॉइल तारेच्या जवळ राहिली. म्हणजे डाग न देताच त्या एका कॉइलचं पारडं जड झालं. अ‍ॅम्प क्लीन (आवाज न फाटता) ठेव, बास ३, मिड ४-५, ट्रेबल ६. आवाज कमी वाटला तर अ‍ॅम्प वाढव, पिकअप परत वर घेऊ नकोस. निम्म्याहून अधिक लोकांचं काम इथेच होतं; सुंठीवाचून खोकला गेला.

गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणलास की चकाकी जाते, हे एव्हाना लक्षात आलं असेल. व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या) आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमध्ये एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर लाव. लॅमिंग्टन रोडला नॅनोफॅरड वगैरे बोलत बसू नकोस, ‘एकशेदोन नंबर’ माग. दोन-चार जास्त घे, पाय तुटतात.

स्प्लिटबद्दल माझं मत जरा आडमुठं आहे. स्प्लिट म्हणजे एक कॉइल बंद. चकाकी येते, पण आवाज बारीक होतो आणि गुणगुण परत येते. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या वायरिंगमध्ये ती आनंदाने येते. त्यापेक्षा दोन्ही कॉइल पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी जोडून) घे. इंडक्टन्स सिरीजच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, आवाज मोकळा होतो आणि गुणगुण कटलेलीच राहते. एक पुश-पुल पॉट लागतो: वर ओढला की पॅरलल, दाबला की तुझं रॉक जसंच्या तसं. फक्त आधी मागचं झाकण उघडून बघ. पिकअपमधून चार रंगीत वायरी येत असतील तर ठीक. जाळीची एकच वायर असेल तर हात लावू नकोस. मी १९९६ मध्ये शहाणपणा केला होता. एकाच वायरीचा हमबकर, वरचं कव्हर उचकटलं, दोन कॉइलमधला जोड शोधायला गेलो. ती तार केसाइतकी, ०.०६ मिलिमीटरची. तुटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. दुसऱ्या दिवशी शिवाजी मंदिरला आमच्या ऑर्केस्ट्राचा प्रयोग होता, आणि मी अख्खा प्रयोग नेक (गळ्याकडच्या) पिकअपवर काढला.

आणि हे सगळं करूनही उजवा हात रॉकचाच राहिला तर उपयोग शून्य. मला हे खोताच्या वाडीतल्या एका अंकलनी शिकवलं. त्यांच्याकडे दोन हमबकरची जाडजूड गिटार होती, पेडल एकही नाही. हात ब्रिजपासून दोन बोटांवर. पिक अंगठा आणि तर्जनीत, मधलं आणि अनामिका मोकळी. आता तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट पिकने वाजव आणि लगेच चौथ्या फ्रेटवर हॅमर कर, म्हणजे डाव्या बोटाने ठोक. मग दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट मधल्या बोटाने, पहिल्या तारेचा तिसरा अनामिकेने. बोटाने तार नुसती छेडायची नाही. थोडी वर ओढून सोडायची, म्हणजे ती फ्रेटवर आपटते. ‘टक्’ असं ऐकू आलं पाहिजे. मधेच डाव्या बोटाचा दाब सैल करून एखादा स्वर मुका ठेव. कोंबडी दाणे टिपते ना, तसं. म्हणूनच त्याला चिकन पिकिंग म्हणतात.

जी (G) स्वराला सा धरलास तर हे काय झालं बघ : कोमल गंधारावरून शुद्ध गंधार, मग पंचम, मग वरचा सा. जोग राग ऐकणाऱ्याला दोन्ही गंधारांचं कौतुक वेगळं सांगायला नको. इथे मात्र कोमलवर थांबायचं नाही, पाय घसरल्यासारखं शुद्धवर जायचं. हे चार स्वर पंधरा दिवस घोट. पेडल घ्यायचंच असेल तर त्यानंतर एक कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज एका पातळीवर आणणारा), आणि शंभर-एकशेवीस मिलिसेकंदांचा एकच परतावा देणारा डिले. त्याआधी नको; कॉम्प्रेसर कच्च्या हातावर पांघरूण घालतो.

प्रश्न : मी स्प्लिट करून घेतलं. आवाज छान आला, पण परळला आमच्या खोलीत इतकी गुणगुण येते की शेजारच्या आजी विचारतात, मिक्सर बंद करायचा राहिला का. गिटारवाल्याने काम बिघडवलं असेल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : त्याला दोष देऊ नका. एक कॉइल बंद केलीत म्हणजे गुणगुण कापणारी बहीण घरी पाठवलीत. वाजवताना तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर गिटारची जोडणी ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल किंवा बोटाला झिणझिण्या येत असतील तर तिथेच थांबा, अ‍ॅम्प बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या चाळीत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग मी पाहिलेत. ते अजिबात करू नका.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवून बघा; मधल्या वेगावर तो फार किरकिरतो. अ‍ॅम्पपासून दूर बसा आणि गिटार धरून जागच्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला गुणगुण अचानक बसते. आमच्या घरी ती दिशा देवघराकडे निघाली, त्यामुळे मी भक्तिभावाने वाजवतो असा घरात समज आहे. एवढं करूनही आजींची तक्रार राहिली तर वरचं उत्तर वाचा आणि त्याच गिटारवाल्याकडून पॅरलल करून घ्या. पुश-पुल पॉट बहुधा बसलेलाच असेल. तो दोन जोड्यांचा असेल, म्हणजे डीपीडीटी, तर फक्त डाग बदलायचेत.