समान पदाला समान पगार, तरीही दरी येते कुठून?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पदवीनंतर क्षेत्र निवडताना स्त्री-पुरुष वेतनातील दरी कुठे सर्वांत कमी आढळेल, हा पहिला. आणि ही दरी म्हणजे केवळ स्त्रियांनी स्वतः केलेल्या निवडीचा परिणाम आहे हे तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे कितपत खरे, हा दुसरा. मनुष्यबळ विभागात वेतननिश्चितीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो; पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगभरातील स्त्रियांचे वेतन पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे २० टक्क्यांनी कमी आहे. हा आकडा सर्व नोकरदार स्त्रियांची सर्व नोकरदार पुरुषांशी तुलना करतो. एकाच पदावरील, सारख्या अनुभवाच्या आणि तेवढेच तास काम करणाऱ्या दोघांची तुलना केली की दरी बरीच आक्रसते, आणि अशा तुलनेत नाहीसा होणारा सारा फरक निवडीचा म्हणून तुमचे सहकारी विषय संपवतात. परंतु ते पद, ते तास आणि तो सलग अनुभव स्त्रियांच्या वाट्याला कमी का येतो, हे त्या हिशेबात विचारलेच जात नाही.

अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयावरील संशोधनासाठी. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह शिकागो विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांचा अभ्यास केला. पदवी मिळाल्यानंतर लगेच स्त्री-पुरुषांचे पगार जवळजवळ सारखे होते. दहा-पंधरा वर्षांत मात्र त्यांच्यात मोठे अंतर पडले. शिक्षणातील विषय आणि गुण यांचा त्यात काही वाटा होता, पण कारकिर्दीतील खंड आणि आठवड्याला कामाचे किती तास भरले यांचा वाटा मोठा होता, आणि या दोन्हींचा संबंध प्रामुख्याने मातृत्वाशी होता. डेन्मार्कमध्ये हेन्रिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांचे उत्पन्न पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्क्यांनी घसरते, तर वडिलांच्या उत्पन्नावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. पाळणाघरे आणि पालकत्व रजा यांबाबत जगात आघाडीवर असलेल्या देशातील हे चित्र आहे. मूल दोघांचे असते आणि उत्पन्न एकटीचे घटते, तेव्हा त्याला केवळ तिची निवड म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

आता क्षेत्रांचा विचार करू. वित्त, सल्लासेवा, मोठ्या वकिली संस्था अशा ठिकाणी आठवड्याला ६० तास देणाऱ्याला ३० तास देणाऱ्याच्या दुपटीहून बरेच जास्त मिळते, कारण अशील रात्री दहालाही त्याच माणसाची मागणी करते आणि पदोन्नती त्या उपलब्धतेवर ठरते. जिथे तासागणिक मोबदला असा चढत जातो, तिथे घरची जबाबदारी असलेली व्यक्ती मागे पडते. आणि ती व्यक्ती बहुतेक घरांत स्त्रीच असते. याच्या उलट उदाहरण औषधनिर्माणशास्त्राचे आहे. गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दाखवले आहे की अमेरिकेत एके काळी औषधविक्रेता हा स्वतःच्या दुकानाचा मालक असे आणि दुकान त्याच्या हजेरीवर चाले. पुढे साखळी दुकाने आणि रुग्णालये वाढली, औषधे तयार पाकिटांत येऊ लागली, रुग्णांच्या नोंदी संगणकावर आल्या आणि एका फार्मासिस्टचे काम दुसऱ्याने सहज पुढे चालू ठेवणे शक्य झाले. त्यामुळे अर्धवेळ काम करणाऱ्यालाही तासाचा दर जवळजवळ पूर्णवेळाइतकाच मिळू लागला. चांगल्या पगाराच्या व्यवसायांपैकी वेतनदरी अत्यंत कमी असलेला हा व्यवसाय आहे, आणि तो तसा झाला तो कामाची मांडणी बदलल्यामुळे. स्त्रियांवर मेहेरबानी म्हणून कोणी काही केले नव्हते. मला या साऱ्या विषयात सर्वांत आशादायक वाटणारी गोष्ट हीच आहे.

मात्र स्त्रिया बहुसंख्य असलेले क्षेत्र निवडले म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नका. तिथे अंतर्गत दरी कमी असली तरी साऱ्या क्षेत्राचाच पगार खालच्या पातळीवर असू शकतो. अमेरिकेतील १९५० ते २००० या काळातील जनगणनांच्या अभ्यासात असे दिसले की एखाद्या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण वाढल्यावर, शिक्षण आणि कौशल्य यांचा फरक जमेस धरूनही, त्या व्यवसायाचे वेतन पुढे घसरते. उलट दिशेचे उदाहरण संगणकाचे. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाच्या पहिल्या प्रोग्रामर सहा स्त्रिया होत्या आणि ते काम तेव्हा कारकुनी समजले जाई. पुढे त्या क्षेत्रात पुरुषांची संख्या वाढत गेली, तशी त्याची प्रतिष्ठा आणि पगार दोन्ही वाढले. शुश्रूषा, बालशिक्षण, वृद्धांची देखभाल या कामांना लागणारे कौशल्य आणि जबाबदारी वेतनात का उतरत नाही, हा प्रश्न मला पदोन्नतीच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो.

आता आमच्या विभागात हे प्रत्यक्ष कसे घडते ते सांगतो. नवा उमेदवार आला की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो, ‘सध्याचा पगार किती?’ आणि त्यावर ठरावीक टक्के वाढ देऊन देकार तयार होतो. समजा पहिल्या नोकरीत त्याला १०० आणि तिला ९० मिळत होते आणि दोघांनी तीनदा नोकरी बदलताना प्रत्येक वेळी २० टक्के वाढ घेतली. आता त्याचा पगार सुमारे १७३ आणि तिचा सुमारे १५६ होतो. १० चे अंतर १७ वर जाते आणि यात कोणीही कोणावर जाणूनबुजून अन्याय केलेला नसतो. दुसरी जागा म्हणजे वार्षिक मूल्यमापन. प्रसूती रजेवरून परतलेल्या स्त्रीचे वर्ष ‘अपूर्ण’ म्हणून तिला मधली श्रेणी देण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्या एका श्रेणीमुळे पदोन्नतीची यादी हुकते आणि पुढची प्रत्येक वाढ कमी मूळ वेतनावर मोजली जाते.

हे लपून राहते, कारण पगार गुप्त असतात. अमेरिकेतील लिली लेडबेटर यांना बरोबरीच्या पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला कमी पगार मिळतो हे निनावी चिठ्ठीतून कळले, तेव्हा त्या निवृत्तीच्या जवळ आल्या होत्या. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रारीची मुदत उलटल्याच्या कारणावरून त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि २००९ मध्ये त्यांच्याच नावाने कायदा करून तो नियम बदलावा लागला. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना आपली वेतनदरी जाहीर करावी लागते. डेन्मार्कमध्ये अशाच सक्तीने दरी काहीशी कमी झाली, पण ती मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे. म्हणून पारदर्शकतेचे समर्थन करतानाही मी तिच्याकडून सर्व काही अपेक्षित धरत नाही.

तेव्हा क्षेत्र तुमच्या आवडीनेच निवडा, पण त्या क्षेत्रातील नोकरी निवडताना चौकशी बारकाईने करा. पदाची वेतनश्रेणी लेखी मागा आणि सध्याच्या पगाराचा विषय निघाला तर त्या श्रेणीवर बोला. तुमच्या गैरहजेरीत तुमचे काम कोण करते, रजेच्या वर्षात मूल्यमापन कसे होते, आणि एकूण वेतनापैकी किती भाग वरिष्ठांच्या मर्जीवरच्या बोनसचा आहे, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारा. शक्य असल्यास त्याच विभागात लहान मुले असलेल्या एखाद्या स्त्री कर्मचाऱ्याशी बोला आणि प्रसूती रजेवरून परतल्यानंतर तिला आधीचेच काम मिळाले का, एवढे जाणून घ्या. बऱ्याच ठिकाणी पगार तसाच राहतो, पण महत्त्वाचे ग्राहक दुसऱ्याकडे गेलेले असतात आणि त्याचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो.