मिर-२०० बाहेरून देऊन कर्करोग पसरणं थांबवता येईल का?

मिर-२०० कमी झाला की फुफ्फुसाचा कर्करोग पसरतो असं तुम्ही वाचलंत. वडिलांच्या अहवालात त्याचा उल्लेखही नाही, आणि तो औषध म्हणून का देत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. प्रयोगशाळेत याच रेणूंवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिर-२०० हा एक मायक्रोआरएनए आहे. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा चिमुकला आरएनए रेणू. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. तो इतर जनुकांच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन कसं बनवायचं हा जनुकाचा संदेश नेणाऱ्या रेणूला) चिकटतो आणि त्यांच्यापासून प्रथिन बनणं कमी करतो. एकटा मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना चिकटू शकतो. खरी गोम इथेच आहे.

फुफ्फुसाच्या अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. झेब१ नावाचं प्रथिन ई-कॅडहेरिनचं जनुक बंद पाडतं. मिर-२०० झेब१ला दाबतो, म्हणून पकड टिकते. पण झेब१सुद्धा मिर-२००च्या जनुकांना दाबतं! अशी ही रस्सीखेच. एकाची सरशी होऊ लागली की ती वाढतच जाते. आसपासच्या पेशींकडून टीजीएफ-बीटासारखा संकेत आला की पारडं झेब१कडे झुकतं. पेशी पकड सोडते, लांबट होते, सरकू लागते. यासाठी नवं उत्परिवर्तन (जनुकातला कायमचा बदल) लागत नाही, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण मग चक्र उलटंही फिरू शकतं. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या उंदरांमधल्या पेशींत मिर-२०० वाढवल्यावर पसरणं थांबलं होतं. उलट स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांमध्ये त्याच मिर-२००ने पेशींना दूरच्या अवयवात रुजायला मदत केल्याचं दिसलं. सुटताना पकड नको, रुजताना हवी. मग तो कधी द्यायचा?

औषधाचा प्रयत्न मिर-३४ या दुसऱ्या मायक्रोआरएनएच्या बाबतीत झालाय. एमआरएक्स३४ या नावाने तो मेदाच्या सूक्ष्म थैल्यांतून रुग्णांना दिला गेला. रोगप्रतिकार यंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणाम दिसल्यामुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. जिथे हवा तिथेच रेणू पोचवणं अजून फार अवघड आहे.

म्हणून अहवालात मिर-२०० नाही याची काळजी करू नका; उपचार ठरवताना तो नेहमीच्या तपासण्यांत नसतोच. वडिलांचा कर्करोग स्मॉल सेल प्रकारचा नसेल, तर ईजीएफआर आणि एएलके ही जनुकं आणि पीडी-एल१ हे प्रथिन तपासलंय का ते बघा; उपचार निवडताना यांचा उपयोग होतो. नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी तेच विचारा.