दिवाळीत गेम आणावा का?

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र रामबागेतल्या आमच्या माडीवर तीन वर्षं खपून एक व्हिडिओ गेम करताहेत. यंदा दिवाळीत तो स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, आणायचा म्हणतात. जाहिरात कशाला, चांगला गेम आपोआप खपतो, असं त्यांचं म्हणणं. दादा, तुम्ही इतकी वर्षं गेमचं दुकान चालवलंत. हे खरं का?
– एक आई, इंदूर

उत्तर : ताई, दिवाळी सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठ्या कंपन्या नाताळच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून आपले बडे गेम काढतात.

जेल रोडवरच्या माझ्याच दुकानातलं सांगतो. २०१६ साली 'टायटनफॉल २' आला २८ ऑक्टोबरला, नेमका धनत्रयोदशीला. मी हौसेनं बारा डिस्क मागवल्या. गेम एक नंबर! पण त्याच ईए कंपनीचा 'बॅटलफील्ड १' आठवडाभर आधी येऊन बसला होता आणि ४ नोव्हेंबरला 'कॉल ऑफ ड्यूटी' यायचा होता. पोरं यायची, टायटनफॉलचा डबा उलटसुलट करून मागचं वाचायची, 'भारी आहे काका' म्हणायची आणि बॅटलफील्ड घेऊन जायची. खिशात पैसे एकाच गेमचे. (८ तारखेला नोटबंदी झाली, मग तर डबा हातात घ्यायलाही कोणी येईना.)

मुलगा 'एपेक्स लेजेंड्स'चा दाखला देईल. टायटनफॉलवाल्यांचाच तो गेम, फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला त्याच दिवशी आला आणि आठवड्यात अडीच कोटी खेळाडू. पण तो फुकट होता, शिवाय गाजलेल्या स्ट्रीमरना (आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्यांना) आधीच गुपचूप बोलावून खेळवला होता. ही जाहिरात नाही तर काय? 'अमंग अस' मात्र २०१८ मध्ये आला आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये एकदम उचलला गेला. तशी लॉटरी लागते कधी कधी, पण तिच्या भरवशावर कोणी दूधवाल्याची उधारी करत नाही.

आपल्या सराफ्यातले चाटवाले ठेला कधी लावतात? सोन्याची दुकानं बंद झाल्यावर. पोरांनीही मोठ्यांची गर्दी ओसरू द्यावी. स्टीमवर गेमचं पान मात्र आजच उघडा. लोक तो विशलिस्टमध्ये, म्हणजे आपल्या आवडीच्या यादीत, टाकतात आणि गेम आला की त्यांना ईमेल जातो. मग फेब्रुवारीच्या नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या स्टीमवरच्या जत्रेत, डेमो (खेळून बघायचा नमुना) ठेवा. तिथे एका गेमला एकदाच जागा मिळते, तेव्हा डेमो नीट घासूनपुसून मगच.

त्या बारांतल्या दोन डिस्क अजून माझ्याकडे आहेत. मुलाला पाठवा, एक देतो.