अमेरिकेतली वयस्कर माणसं ‘ड्रम कोर’ची आठवण काढताना इतकी हळवी का होतात?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला निवृत्तीला आलेला सहकारी ‘मी ड्रम कोरचा व्हेटरन’ म्हणाला, तुम्ही ‘कुठल्या युद्धात होता?’ असं विचारलंत, तो हसला, आणि मग जुना फोटो दाखवता दाखवता त्याचे डोळे भरून आले. हे काय प्रकरण आहे, असा तुमचा प्रश्न. माझीही अगदी हीच फजिती झाली होती, म्हणून लिहायला बसले.

ड्रम कोर म्हणजे बिगुलं, ड्रम आणि झेंडे घेऊन मैदानावर कवायत करत वाजवणारं पथक. पण आधी एक सावधगिरी. स्पेलिंगच्या शेवटी पी-एस असले तरी उच्चार ‘कोर’च करा. ‘कॉर्प्स’ म्हणालात तर त्यांच्या कानाला ‘प्रेत’ ऐकू येतं. मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

आम्ही बोस्टनजवळ राहतो. मुलगा शाळेच्या बँडमध्ये होता, तिथून २०१६ च्या उन्हाळ्यात एका ड्रम कोरमध्ये गेला. आईबापांनीही थोडी सेवा द्यायची असते, तेव्हा मी दहा दिवस त्यांच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर होते. वाजवणारी आणि झेंडे फिरवणारी मिळून दीडशे मुलं, शिवाय शिकवणारे, ड्रायव्हर. दिवसातून चार वेळा जेवण. रात्रभर बस, सकाळी कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर दोन-तीन तास झोप, मग अंधार पडेपर्यंत मैदानावर सराव. पुण्यात ढोल-ताशा पथकाच्या तालमी बघितलेल्या असल्यामुळे मला वाटायचं, वेड म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नव्हतं.

त्या ट्रकवर पहाटे पाचला माझ्याबरोबर तीन गृहस्थ कांदे चिरायला असायचे. तिघंही सत्तरीच्या आगेमागे. मी त्यांना तोंडावर नावाने हाक मारायचे, मनात मात्र आजोबाच म्हणायचे. तिघंही ‘व्हेटरन’. मला वाटलं, सैन्यातले. प्रत्यक्षात त्यांतले एकच सैन्यात गेलेले. बाकीचे दोघं लहानपणी ड्रम कोरमध्ये होते, तेवढंच त्यांचं व्हेटरनपण.

अर्थात घोटाळा होण्यासारखंच आहे ते, कारण मूळ सैनिकांचंच. पहिलं महायुद्ध संपलं, सैन्याची बिगुलं आणि ड्रम पडून राहिले, आणि घरी आलेल्या सैनिकांनी ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखाशाखांमधून पथकं उभी केली. १९२१ पासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. मग त्यांच्या मुलांची पथकं निघाली. पाठोपाठ चर्च, स्काउट, गावचे क्लब यांनीही काढली. बोस्टनच्या आसपासच्या कामगार वस्त्यांत तर आपल्याकडे पेठेपेठेत मंडळ असतं तशी चर्चागणिक पथकं. फी नाममात्र, वाद्य पथकाचं, गणवेश पथकाचा. पैसा उभा करायला चर्चच्या तळघरात बिंगो, म्हणजे आपली हौजी. एका आजोबांच्या शब्दांत सांगायचं तर, ‘रस्त्यावर उनाडक्या करण्यापेक्षा तिथे जा, असं फादर म्हणाले, म्हणून गेलो.’

आता बिगूल कसं असायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सैनिकी बिगुलाला कळच नसते. ओठ आणि फुंकर यांच्या जोरावर निघतील तेवढेच मोजके स्वर. स्पर्धांच्या नियमांनी ‘जी’ (G) पट्टीच्या बिगुलाला एक आडवी कळ मान्य केली. नंतर अर्धा स्वर उतरवणारी एक फिरकी आली. तरीसुद्धा सप्तकातले काही स्वर, विशेषतः खालचे, वाद्यात नसायचेच. तीन कळांचं बिगूल नियमात बसलं ते थेट १९९० साली, आणि २००० पासून कोणत्याही पट्टीचं पितळी वाद्य चालतं. म्हणजे या आजोबांच्या काळात एखादी चाल बसवायची, तर ती तोडून वेगवेगळ्या गटांत वाटावी लागायची. ज्याच्याकडे जो स्वर निघेल तो त्याने वाजवायचा आणि नसेल तिथे गप्प बसायचं.

एका पहाटे बॅरिटोन, म्हणजे जाड आवाजाचं बिगूल वाजवणारे आजोबा कांदा चिरता चिरता गुणगुणायला लागले. पम्, पम्-पम्, मग काहीच नाही, मग एकदम वर पम्. मला वाटलं, वयामुळे चाल विसरलेत. समोरच्या आजोबांनी मान वर न करता मधली जागा भरली. ते सोप्रानो, म्हणजे वरच्या स्वरांचं बिगूल, वाजवायचे. तिसरे आजोबा त्यांच्या प्रतिस्पर्धी पथकातले, पण तेही ड्रमचा भाग बोटांनी पातेल्यावर धरायला लागले, कारण तीन उन्हाळे हीच चाल समोरून ऐकून त्यांना पाठ झाली होती. मी बॅरिटोनवाल्यांना विचारलं, तुम्ही मध्ये थांबलात का? ते म्हणाले, ‘तिथे माझ्याकडे स्वरच नव्हता. अजूनही नाही.’ पन्नास वर्षं होऊन गेली, पण त्यांच्या डोक्यात ती चाल अर्धीच आहे. पुरी ऐकायची तर दुसरा माणूस शेजारी लागतो. तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर आहे.

दुसरं म्हणजे परीक्षकांची भीती. तेव्हा परीक्षक हातात पाटी घेऊन थेट रांगांमध्ये घुसायचे. पाऊल चुकलं, ड्रमचा एक ठोका सुटला, की एक टिक, म्हणजे ०.१ गुण वजा. ही पद्धत १९८४ मध्ये गेली. बॅरिटोनवाले सांगत होते की एक परीक्षक चार पावलं त्यांच्या शेजारून वाकून, बुटाकडे बघत चालला होता. ‘बायकोचा चेहरा कधीकधी आठवायला लागतो, त्याचा नाही.’ (त्यांची पत्नी तिथेच भांडी धूत होती. तिने हे बहुतेक शंभरदा ऐकलं असावं.)

वयाची एकविशी उलटली की पथक सोडावं लागायचं. पण साठच्या दशकात कित्येकांना तितकाही वेळ मिळाला नाही. सैन्यात गेलेले आजोबा १९६७ च्या हंगामानंतर व्हिएतनामला गेले. त्याबद्दल त्यांनी दहा दिवसांत एकच वाक्य सांगितलं: परत आलो तेव्हा माझ्या जागेवर दुसरा पोरगा उभा होता आणि तो माझ्यापेक्षा बरा वाजवत होता.

मग १९७१ साली पथकांचं आणि जुन्या सैनिक संघटनांचं नियमांवरून नि पैशांवरून फाटलं. काही मोठ्या पथकांनी एकत्र येऊन ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही स्वतःची स्पर्धा-संघटना काढली. पहिलं विजेतेपद ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला, जिंकलं कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइम किंग्समेननी. त्याने कला फार उंचावली, हे मी आजोबांशी भांडून सांगितलंय. २००४ पासून माइक आले, २००९ पासून सिंथेसायझर आले, यावर ते नाक मुरडतात. मला आताचे कार्यक्रम आवडतात. पण देशभर बसने हिंडायचं म्हणजे डिझेल, ट्रक, जेवणं. चर्चच्या तळघरातला बिंगो त्याला पुरणार कसा? छोटी पथकं शेकड्यांनी मिटली. माझ्या मुलाची एका उन्हाळ्याची फी हजारो डॉलर होती, आणि या तिघांपैकी एकाच्याही घरून ती भरली गेली नसती. इथे मात्र मी त्यांच्या बाजूची.

मोठीही वाचली नाहीत. बोस्टनच्या उत्तरेला रिव्हियर गावातलं ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स १९६७ साली सुरू झालेलं. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये वाजवलेलं पथक, १९८६ ला बंद. ड्रम कोर इंटरनॅशनलची १९९४ ची अंतिम फेरी जवळच फॉक्सबरोला झाली, तेव्हा त्यांचे जुने वादक पुन्हा जमून मैदानात उतरले होते. पोट सुटलेले, केस गेलेले. सोप्रानोवाले आजोबा तेव्हा प्रेक्षकांत होते. तो प्रसंग ते आजही पुरा सांगू शकत नाहीत. सुरुवात करतात आणि मग कॉफी आणायला उठतात.

एका चार जुलैला हेच आजोबा मला ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला घेऊन गेले. तिथे १७८५ पासून स्वातंत्र्यदिन साजरा होतो, आणि मिरवणुकीच्या रस्त्याच्या मधोमध पिवळ्याऐवजी लाल-पांढरे-निळे पट्टे असतात. जुन्यांचं एक पथक गेलं. दोघं-तिघं गुडघ्यांमुळे मागच्या ट्रेलरवर बसून वाजवत होते. आजोबा फुटपाथवरून ओरडून कुणाला तरी चिडवत होते, ‘अरे, डावा पाय!’ आणि तिकडूनही काहीतरी उलट उत्तर आलं, ते मी इथे लिहीत नाही.

तर तुमच्या सहकाऱ्याला पुढच्या वेळी ‘कितवा नंबर आला होता?’ असं विचारू नका, ते ऑनलाइन सापडतं. कुठलं बिगूल वाजवायचास आणि पहिला भाग की दुसरा, ते विचारा. ‘म्हणजे मार्चिंग बँडच ना?’ हे तर चुकूनही नको. गुणगुणायला लागला आणि मध्येच थांबला, तर तो विसरलाय असं समजून मदतीला धावू नका. आणि त्याचं पथक बोस्टनच्या बाजूचं असेल, तर नाव मला कळवा. सोप्रानोवाल्या आजोबांना विचारते. साठच्या दशकात कुठल्या पथकात कोण कितव्या रांगेत उभा राहायचा, हे त्यांना अजून पाठ आहे.